डोंगरावरचा किल्ला तांब्यात कसा उतरवायचा

एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्याला लेप द्यायचा, लेपातून सुईनं चित्र रेखायचं, उघड्या पडलेल्या रेघा द्रावणानं खाऊन खोल करायच्या आणि त्यांत शाई भरून कागदावर छापायचं. त्यात डोंगर किती लांब दिसणार हे घड्याळ ठरवतं. पत्रा द्रावणात जितका जास्त वेळ राहील तितकी रेघ खोल जाते, खोल रेघेत शाई जास्त मावते आणि कागदावर ती काळी, जाड उमटते. वेळ भरलेला भाग झाकत जायचं: मागची पर्वतरांग सहा मिनिटांची, किल्ला पंधरा मिनिटांचा, पुढचं झाड तासाभराचं, असा हिशेब आधीच मांडून ठेवला की निम्मं काम झालं. तो न मांडता केलेल्या छापात रेघा कितीही देखण्या असोत, मागचे डोंगर किल्ल्याच्या अंगावर येतात.

गंमत अशी की या विषयाचे पहिले उस्ताद हा हिशेब करतच नसत. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचा चित्रकार आल्ब्रेश्ट आल्टडॉर्फर यानं १५२० च्या आसपास नऊ निसर्गदृश्यं एच केली. डॅन्यूब नदीच्या मुलखातले लोंबत्या फांद्यांचे सूचिपर्णी वृक्ष, खडकावरचा किल्ला, मागे डोंगर, आणि माणूस नाहीच. थोडं आधी, १५१८ मध्ये, जर्मन चित्रकार ड्यूररनं तोफ असलेलं निसर्गदृश्य लोखंडी पत्र्यावर एच केलं होतं. त्या काळच्या लोखंडावर रेघ जाडीभरडी यायची आणि पत्रा बहुतेक एकदाच आम्लात बुडवला जायचा, त्यामुळे जवळची नि लांबची रेघ सारख्याच जाडीची. मग लांबचा डोंगर लांब कसा दिसायचा? रेघा विरळ करून, मधेच तोडून, बाह्यरेषा अर्धवट सोडून. पुढच्या पिढीतल्या आउगुस्टिन हिर्शफोगलची १५४५ नंतरची दृश्यं भिंगाखाली पाहिली तर हेच दिसतं: पर्वताला सात-आठ रेघा, किल्ल्याला वीसेक, झाडाला शेकडो. लोखंड गंजतं, ड्यूररच्या पत्र्यांवरून नंतर काढलेल्या छापांत गंजाचे ठिपके उमटलेले आहेत. आपण तांबं घेऊ. पण चित्र मात्र आधी त्यांच्यासारखं, एकाच जाडीच्या रेघेत उभं राहिलं पाहिजे. घड्याळ नंतर मदतीला येतं, चुकीची रचना ते सावरत नाही.

आधी पेन आणि कागद

पत्र्याच्याच मापाचा, म्हणजे १५ × २० सेंटीमीटरचा आडवा चौकोन आखा आणि ०.३ मिलिमीटरचं एकच पेन वापरून पूर्ण चित्र काढा. पेन्सिलीची धुसर छटा, स्टंपनं (कागदाच्या गुंडाळीनं) घासलेली सावली यातलं काही पत्र्यावर चालत नाही, तिथे रेघ असते किंवा नसते.

पुढचं झाड चौकटीच्या एका कडेला घ्या, शेंडा चौकटीबाहेर गेला तरी चालेल. डॅन्यूबच्या झाडांची पालवी लहान आकड्यांनी होते: रेघ खाली ओढायची, टोकाशी वळवायची, सोडायची. एकेक पान काढत बसलं की झाड खराट्यासारखं दिसतं. किल्ला चित्राच्या बरोबर मध्यात ठेवू नका, झाडाच्या विरुद्ध बाजूच्या तिसऱ्या भागात ठेवा. त्याची उजेडाची बाजू जवळजवळ कोरी सोडा. दोन-तीन खिडक्या, कौलांच्या चार रेघा, बस. सावलीच्या बाजूला एकाच दिशेच्या उभ्या रेघा साधारण एक मिलिमीटर अंतरानं. किल्ल्याखालचा कडा मात्र किल्ल्यापेक्षा गडद हवा, नाहीतर भिंत आणि खडक एकमेकांत मिसळतात. नवखी माणसं हटकून किल्ल्यावर सगळी हौस भागवतात, दगड न् दगड काढतात, आणि छापल्यावर तिथे नुसता काळा डाग दिसतो.

मागच्या डोंगराला दीड ते दोन मिलिमीटर अंतराच्या तुटक रेघा, उताराच्या दिशेनं. आडव्या-उभ्या रेघांची जाळी तिथे अजिबात नको. पुढच्या भागातही दोन रेघांत निदान अर्धा मिलिमीटर सोडा, कारण तासभर द्रावणात राहणारी रेघ खोल जाते तशी रुंदही होते.

सह्याद्रीतला गड काढणार असाल तर डॅन्यूबची रेघ जशीच्या तशी लावू नका. युरोपातला असा किल्ला म्हणजे डोंगरावर बांधलेली उंच इमारत, आकाशरेषेवर तिचे बुरूज उभे दिसतात. राजगड किंवा राजमाची लांबून पाहिला तर दिसतो तो डोंगरच, तटबंदी कड्याच्या काठात विरून जाते. शिवाय बेसॉल्टचे थर आडवे. म्हणून कड्याला उभ्या रेघा आणि थरांच्या काठांना तुटक आडव्या रेघा, मधल्या गवताळ पट्ट्या कोऱ्या. हे पट्टे कोरे राहिले तरच सह्याद्री ओळखू येतो.

छाप उलटा येतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी निम्मे जण विसरतात. काल्पनिक किल्ल्याला फरक पडत नाही, ओळखीच्या गडाचा बालेकिल्ला डावीकडचा उजवीकडे गेला तर पाहणारा पहिल्या नजरेत पकडतो.

पत्रा

तांब्याचा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्या. मुंबईत पायधुणीजवळच्या तांबाकाट्यावर, पुण्यात तांबट आळीत चौकशी करा. घेताना नखानं तपासा: नख अडकेल असा ओरखडा असलेला पत्रा नको, तो घासून काढायला दिवस जातो. २० गेजचा स्वस्त पडतो, पण दाबाखाली वाकतो आणि खरवडून दुरुस्ती करायला त्यात जाडी उरत नाही.

चारही कडा कानशीनं ४५ अंशांत उतरवा आणि कोपरे किंचित गोल करा. हे टाळलं तर पहिल्याच छापाला कागद कापला जातो आणि प्रेसचा नमदाही (दाबाखाली घालायचं जाड लोकरी कापड). मग ४०० पासून १२०० पर्यंतचा वॉटरपेपर, प्रत्येक नंबरला दिशा बदलून, आणि शेवटी ब्रासोनं चकाकी. पत्र्यावर राहिलेला प्रत्येक बारीक चरा आकाशात राखाडी रेघ होऊन उमटतो.

आता तेलकटपणा काढायचा. काळपटपणा चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं निघतो हे घराघरांत माहीत आहे, पण त्यानं बोटांचं तेल जात नाही. त्यासाठी खडूची बारीक पूड पाण्यात कालवून, दोन-चार थेंब अमोनिया घालून मऊ कापडानं चोळा आणि नळाखाली पत्रा तिरपा धरा. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर पत्रा तयार. कुठे फाटून थेंब झाले तर पुन्हा चोळा. यानंतर पत्रा फक्त कडांनी धरायचा.

लेप

द्रावणापासून पत्रा वाचवणाऱ्या थराला ग्राउंड म्हणतात. जुनं प्रमाण वजनानं असं: मेण २ भाग, अस्फाल्टम (डांबरासारखा काळा पदार्थ) २ भाग, राळ १ भाग. मेण मधमाशांचं हवं, पॅराफिन ठिसूळ असतं आणि सुईखाली त्याच्या खपल्या उडतात. मंद आचेवर आधी मेण आणि राळ वितळवा, अस्फाल्टमची पूड थोडी थोडी घाला, एकजीव झाल्यावर कोमट पाण्यात ओतून लिंबाएवढे गोळे वळा. आच विजेच्या शेगडीची असू दे, उघड्या ज्योतीवर हे मिश्रण पेट घेतं.

पत्रा शेगडीवर इतका तापवा की गोळा टेकवला की लोण्यासारखा सरकेल. धूर दिसला तर पत्रा जास्त तापलाय, लेप जळून कडक होईल. चार-पाच ठिकाणी गोळा घासून रबरी रोलरनं पसरवा. थर मधाच्या रंगाचा, आरपार तांबं दिसेल इतका पातळ हवा. जाड थर बरा असं वाटतं खरं, पण जाड लेपात सुई रेघेऐवजी नांगर चालवते.

पत्रा गरम असतानाच उपडा धरून खालून चार-पाच मेणबत्त्यांच्या जुडग्याची काजळी द्या. ज्योत सतत फिरती ठेवा, एका जागी थांबली तर लेप जळतो. चकचकीत काळा झाला की ठीक. मंद, मातकट काळा म्हणजे काजळी वर बसली, आत मुरली नाही, पत्रा पुन्हा किंचित तापवा. निवल्यावर काळ्यावर तांब्याची रेघ सोन्यासारखी चमकते आणि काम दिसू लागतं. पाठीमागची बाजू रुंद पॅकिंग टेपनं पूर्ण झाका.

चित्र पत्र्यावर

पेनचित्राची बाह्यरेषा ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि तो कागद उलटा करून ठेवा, म्हणजे छाप सुलटा येईल. खाली गेरू चोळलेला पातळ कागद घालून बोथट पेन्सिलीनं हलक्या हातानं गिरवा. काळ्या लेपावर गेरूची रेघ छान दिसते.

सुईचं टोक गोल घासलेलं असावं. अणकुचीदार टोक तांब्यात रुतून वळणावर अडखळतं. दाब इतकाच की लेप निघून तांबं उघडं पडेल, तांबं कोरायचं काम द्रावणाचं. पण लेप पुरता निघाला पाहिजे. सगळ्यात जास्त पत्रे बिघडतात ते इथेच: रेघ दिसते, पण तळाशी मेणाची पातळ साय राहिलेली असते आणि द्रावण तिथे खातच नाही. छापल्यावर डोंगराची कड मधेच गायब. दहा पटींच्या भिंगातून रेघेचा तळ स्वच्छ, चकचकीत दिसतोय ना ते पाहून मगच पुढे जा. चुकलेली रेघ थोड्याशा स्टॉपआउटनं, म्हणजे झाकायच्या पॉलिशनं, बुजवता येते. हाताखाली मऊ कागद ठेवा, उन्हाळ्यात तळहाताच्या उबेनंही लेप उचकटतो.

द्रावण आणि घड्याळ

तांब्याला फेरिक क्लोराइड. सर्किट बोर्डवाले हेच वापरतात, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात खडे मिळतात. पिवळसर-तपकिरी ओलसर खडे असतील तर १ किलोला १ लिटर पाणी. पाण्यात खडे थोडे थोडे टाका, खड्यांवर पाणी कधीही ओतू नका, मिश्रण चांगलंच तापतं. काळपट कोरडी पूड मिळाली तर ती निर्जल जात असते, पाण्यात पडताच उसळते आणि बोचरी वाफ सोडते. ती घेऊच नका. भांडं प्लास्टिकचं. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी हवीच, आणि कपड्यावर पडलेला डाग जात नाही.

तयार द्रावणाच्या ४ भागांत सायट्रिक अ‍ॅसिडचं १ भाग पाणी मिसळा (किराण्याचं लिंबूसत्त्व १ भाग, पाणी ३ भाग). याला एडिंबरा एच म्हणतात. नुसत्या फेरिकमध्ये रेघेच्या तळाशी गाळ बसतो आणि खाणं मंदावतं, सायट्रिक तो विरघळवतं. ते घालायचं नसेल तर पत्रा उपडा, चार कोपऱ्यांखाली प्लास्टिकचे तुकडे देऊन तरंगता ठेवा.

फेरिक क्लोराइड जस्ताच्या पत्र्याला वापरू नका. तिथे प्रतिक्रिया भडकते, उष्णता आणि हायड्रोजन सुटतो. नायट्रिकचा मोहही तांब्यावर नको: त्यातून तपकिरी विषारी वायू निघतो आणि कड खडबडीत होते. फेरिकची रेघ सरळ, स्वच्छ भिंतीची असते.

आधी चाचणी. त्याच पत्र्याची २ × १० सेंटीमीटरची पट्टी, तोच लेप, रेघांचे पाच गट. ५, १०, २०, ४० आणि ८० मिनिटांनी एकेक गट झाकत जा आणि छापून पाहा. पुस्तकातल्या वेळा बहुधा वीस अंशांच्या खोलीतल्या असतात. आपल्याकडे एप्रिलात द्रावण तीस-बत्तीस अंशांवर असतं आणि जवळपास दुप्पट वेगानं खातं. खालचे आकडे तीस अंशांच्या ताज्या द्रावणाचे धरा आणि आपल्या पट्टीप्रमाणे बदला.

१. सगळं चित्र रेखलेला पत्रा ६ मिनिटं. बाहेर काढा, धुवा, टिपून वाळवा. मागचे डोंगर झाका.
२. आणखी ९ मिनिटं. किल्ला झाका. त्याला एकूण १५ मिळाली.
३. आणखी १५. किल्ल्याखालचा कडा आणि मधली झाडी झाका, एकूण ३०.
४. आणखी ३०. पुढच्या झाडाला आणि खडकांना पूर्ण तास.

झाकायला फर्निचरचं चपड्याचं (लाखेचं) पॉलिश चालतं. बारीक ब्रशनं दोन हात, प्रत्येक हातानंतर पंधरा मिनिटं. जिथे डोंगराची रांग झाडामागे जाते तिथे पॉलिशची कड सरळ ओढू नका, पानांमधून वेडीवाकडी न्या; सरळ कड छापात कात्रीनं कापल्यासारखी दिसते. पावसाळ्यात चपडा दुधाळ पडतो आणि त्याची पकड जाते. तेव्हा पत्रा शेगडीजवळ कोमट ठेवून वाळवा.

फेरिकमध्ये बुडबुडे येत नाहीत, म्हणून काम चाललंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. धुतलेल्या पत्र्यावर सुईचं टोक रेघेला आडवं, अलगद ओढा: सहा मिनिटांची रेघ जेमतेम जाणवते, तासाभराच्या रेघेत टोक टक् करून पडतं. रेघा तपकिरी दिसत असतील तर मीठ घातलेल्या व्हिनेगरनं पुसा, तळ स्पष्ट होतो.

उलट्या क्रमाची एक रीत आहे आणि दाट झाडीसाठी ती बरी. आधी फक्त पुढचं झाड रेखून अर्धा तास द्या, मग कडा रेखून पंधरा मिनिटं, मग किल्ला नऊ आणि शेवटी डोंगर सहा. झाकायचं काम वाचतं, पण प्रत्येक वेळी ओल्या-सुक्या पत्र्यावर पुन्हा सुई धरावी लागते आणि लेप दमतो.

आकाश कोरं सोडा. ढगांची हौस असेल तर छपाईत शाईची पातळ साय राखून भागवा. सलग छटेसाठी राळेची धूळ बसवून करायचं अ‍ॅक्वाटिंट असतं. इंग्रज चित्रकार विल्यम हॉजेसनं १७८५ ते १७८८ दरम्यान भारतातली ४८ दृश्यं त्या पद्धतीनं छापली, त्यांत ग्वाल्हेरचा किल्लाही आहे. पण पहिल्याच पत्र्यावर ते नको. एका वेळी एकच गोष्ट बिघडली तर कारण सापडतं.

छपाई

प्रेस घरी असणं अवघड. मुंबईच्या जे. जे. सारख्या कलाशाळांचे मुद्राचित्रण विभाग किंवा बडोद्याच्या ‘छाप’सारखे स्टुडिओ हाच मार्ग. लेप टर्पेंटाइननं, चपडा स्पिरिटनं काढा आणि पत्रा पुन्हा खडूनं घासा.

कागद सुती, २५० ते ३०० ग्रॅमचा. तो अर्धा तास पाण्यात बुडवून टिपकागदात दाबा. वर पाण्याची चमक दिसता कामा नये, हाताला गार लागला पाहिजे. हातकागदात सरस कमी असतो, तो बुडवला तर फाटतो. आदल्या संध्याकाळी फवारून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. दोन-तीन दिवस तसाच राहिला तर बुरशी धरतो.

एचिंगचीच शाई घ्या. घट्ट असेल तर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन थेंब, उन्हाळ्यात पातळ झाली तर चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट. पत्रा कोमट करून पुठ्ठ्याच्या तुकड्यानं शाई चारही दिशांनी रेघांत भरा. मग खळ दिलेल्या मलमलीची बोळी करून गोल गोल पुसा. सपाट हातानं पुसायचं, बोटानं दाबलं की रेघेतली शाई ओढली जाते. मलमलीनं काम होत आलं की टिश्यूच्या तुकड्यानं फक्त किल्ल्याची उजेडाची भिंत आणि त्याच्या वरचं आकाश लख्ख करा. बाकी आकाशावर हलकी साय राहू दे. किल्ला उठून दिसतो तो इथे. उतरत्या कडा कापडानं स्वच्छ करा, नाहीतर चित्राभोवती काळी चौकट येते.

पत्रा, कागद, एक टिपकागद, वर तीन नमदे. चाक एकाच गतीनं फिरवा, मधे थांबलं तर तिथे आडवा पट्टा उमटतो. कागद एका कोपऱ्यातून सावकाश उचला. छाप टिपकागदांत, वजनाखाली तीन दिवस, टिपकागद रोज बदलून.

पहिला छाप कधीच शेवटचा नसतो. सगळ्या रेघा फिक्या पण पूर्ण असतील तर दाब किंवा शाई कमी. काही रेघा तुटक असतील तर मेण राहिलं होतं. काळ्या भागात मधे करडा चट्टा आला तर रेघा एकमेकींत कोसळल्या, तिथे शाई धरायला भिंतच उरली नाही. तो भाग खरवडून, बर्निशरनं (गुळगुळीत पोलादी घोटणीनं) गुळगुळीत करून पुन्हा रेखावा लागतो. आकाशात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके म्हणजे लेपात भोकं होती. ते बर्निशरनं आणि तेलाच्या थेंबानं दाबले की जातात. डोंगर फारच फिके आले तर सगळं पुन्हा द्रावणात घालायची गरज नाही, पोलादी सुईनं थेट तांब्यावर चार-सहा रेघा कोरा. पण त्या रेघेची उठलेली कड थोड्याच छापांत झिजते, तेव्हा ती युक्ती शेवटीच. डोंगर गडद आले तर? बर्निशर घेऊन बसा. उथळ रेघ दाबून फिकी करता येते, तासाभराची नाही, आणि म्हणूनच शंका असेल तिथे कमी वेळ द्यायचा.

वापरलेलं द्रावण बाटलीत भरून ठेवा, ते बरेच पत्रे खातं. हिरवं पडून मंदावलं की मोरीत ओतू नका, त्यात तांबं असतं. धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस उफाळतो म्हणून भांडं मोठं घ्या. फेस यायचा थांबला आणि गाळ बसला की तो बंद डब्यात भरून घातक कचऱ्यात द्या. छपाई संपल्यावर पत्र्याच्या रेघांतली शाई टर्पेंटाइन आणि दाताच्या ब्रशनं पूर्ण काढा. वाळलेली शाई दगडासारखी होते आणि सगळ्यात आधी बुजतात त्या सहा मिनिटांच्या रेघा. वर व्हॅसलिनचा पातळ हात, मग कागदात गुंडाळून ठेवा, म्हणजे हिरवा गंज चढत नाही.